सुरुवात कोणी करायची?

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते आणि तेही थेट परदेशात जायला. त्यामुळे बॅग भरण्यावरून आमच्या घरात रोज एक सभा होत होती. मुलीचं म्हणणं, आई, तिकडे उकडतं, साधे सुती ड्रेस घे. माझं म्हणणं, श्रीलंका बुद्धाला मानणारा देश आहे, मी तिथे पांढऱ्या साडीतच फिरणार. माझ्या मिस्टरांचं म्हणणं, "सिस्टर, पांढऱ्यातच जायचं असेल तर जुना युनिफॉर्म ने, आयता शिवलेला आहे." मी सरकारी दवाखान्यातून वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. मिस्टर कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे टोमण्यांखेरीज दुसरं उत्पादन होत नाही.

श्रीलंकाच का, हे सांगायला हवं. मुलीला आम्हाला सिंगापूरला पाठवायचं होतं. पण माझी इच्छा निराळी होती. आम्ही कोथरूडला सोसायटीत राहतो. लोक चांगले आहेत, अडीअडचणीला धावून येतात. तरी नवीन कोणी राहायला आलं की आधी आडनाव विचारतात, मग थोडं थांबतात आणि म्हणतात, "अच्छा, म्हणजे तुम्ही नवबौद्ध." आमच्या घरात तिसरी पिढी बौद्ध आहे, नातवंडं धरली तर चौथी. तरी आमच्यामागचं हे 'नव' काही सुटत नाही. मला एकदा असा देश बघायचा होता, जिथे मी बौद्ध आहे म्हटल्यावर समोरचा नुसतं "बरं" म्हणेल. बाकी समुद्र, हत्ती आणि चहाचे मळे दिसले तर वरकमाई.

चेन्नईला विमान बदलून आम्ही कोलंबोला उतरलो. बाहेर पडायच्या वाटेवरच बुद्धाची मोठी मूर्ती होती. मी सामानाची ढकलगाडी तिथेच थांबवली आणि हात जोडले. मागे माणसांची रांग खोळंबली, पण कोणी चकार शब्द काढला नाही. एक बाई तर माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही हात जोडले. मला वाटलं, आले मी माझ्या गावाला.

बाहेर ड्रायव्हर आमच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. नाव सुनील. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन सुनील आहेत, त्यामुळे परदेशाचा निम्मा दरारा तिथेच गेला. त्याचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं, म्हणून आमचं छान जमलं. कॅंडीच्या रस्त्याला लागलो तसा त्याने आरशातून बघत विचारलं, "सर, मॅडम, रामायण टूर करायची ना? सगळे इंडियन करतात. सीतेचं देऊळ, रावणाची गुहा."

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत. आम्हाला विहार दाखवा."

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "मॅडम, इंडियात आता बौद्ध कुठे? बुद्ध तिकडे जन्मला, पण राहायला आमच्याकडे आला."

"आहेत. पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "आमच्याकडे या, दाखवते."

"हरी, हरी," तो म्हणाला. हरी म्हणजे त्यांच्याकडे 'बरं, ठीक आहे'. ज्या एका शब्दासाठी मी समुद्र ओलांडून आले होते तो मला मिळाला होता, पण नाइलाजाने मिळाला होता. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

बाहेर बघण्यासारखं खूप होतं. नारळ, केळी, भातखाचरं, मध्येच शाळेतून सुटलेली पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली मुलं. चौकाचौकांत काचेच्या पेटीत बुद्ध आणि त्याच्यापुढे ताजी फुलं. सगळ्यात मोठा धक्का मात्र रस्त्यावरच बसला. एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडायला कडेला उभे होते. सुनीलने गाडी थांबवली. समोरूनही गाड्या थांबल्या. मिस्टर घाबरून म्हणाले, "काय झालं? पोलीस?" काही झालं नव्हतं, माणूस रस्ता ओलांडत होता, इतकंच. हा प्रयोग स्वारगेटला केला तर मागची गाडी आपल्या डिकीत येऊन बसेल. पुढे दोन दिवस मिस्टर उगाचच रस्ते ओलांडत होते.

कॅंडीच्या जवळ एका खेड्यात डोंगराच्या कुशीत आमचा मुक्काम होता. घर श्रीयानीचं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, आता घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. वयाने माझ्यापेक्षा थोडी लहान, म्हणून पहिल्याच संध्याकाळी तिने मला विचारलं, "मी तुम्हाला अक्का म्हणू का? आमच्याकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात." मी म्हटलं, आमच्याकडेही म्हणतात. दोघींना इतका आनंद झाला की चहा गार झाला.

सकाळच्या न्याहारीला तिने इंदिआप्प (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांच्या चकत्या) केले होते आणि सोबत पोल संबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी. पहिला घास घेतला आणि मी थांबले. ओळखीची चव होती. तिला विचारलं, तर तिने बरणी आणून दाखवली. वाळवलेल्या माशाचा चुरा. मी बरणीचं झाकण उघडून मनसोक्त वास घेतला. कोथरूडला सुकट भाजायची तर आम्ही आधी खिडक्या लावतो, पंखा लावतो, आणि तरीही संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी विचारतं की ड्रेनेज तुंबलंय का. इथे तोच वास पाहुण्यांच्या पानात पहिला वाढतात. मी तीनदा चटणी मागून घेतली. मिस्टर म्हणाले, "धम्माचं नंतर बघू, चटणीवरून तर आपण इथलेच आहोत."

दुसऱ्या दिवशी कॅंडीला दंतधातूचं मंदिर बघायला गेलो. बुद्धाचा दात तिथे सोन्याच्या करंड्यात जपला आहे अशी श्रद्धा आहे. मी पांढरी साडी नेसले होते. दारात पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांची रांग होती, हातात कमळं, पाकळ्या उलट्या दुमडून फुलवलेली. मी सरळ त्यांच्या मागे उभी राहिले. रखवालदाराने अदबीने मला बाजूला घेतलं आणि दुसरी रांग दाखवली. परदेशी पाहुण्यांची. तिथे टोप्या घातलेले गोरे लोक होते, आमच्याकडची दोन गुजराती कुटुंबं होती, आणि त्यांच्यामागे मी. नियम म्हणून त्यात काही चूक नव्हतं. पण खरं सांगते, वाईट वाटलं. देशात नव आणि इथे पाहुणी.

आत गेल्यावर मिस्टरांनी माझं मन रमवायचं म्हणून सेल्फी काढायला फोन वर केला. मूर्तीकडे आम्हा दोघांची पाठ. लगेच शिट्टी वाजली. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढणं इथे मोठा अपमान समजतात. आमच्या विहारात लग्न लागलं की नवरा-नवरी, वऱ्हाड, झाडून सगळे मूर्तीकडे पाठ करून फोटोला उभे राहतात आणि बुद्ध मागून बघत असतो. आम्हाला कधी त्यात वावगं वाटलं नाही. मी हात जोडून माफी मागितली. सगळी रांग आमच्याकडे बघत होती.

बाहेर श्रीयानी भेटली. तिच्या हातात फळांची टोपली होती. आवारालगतच विष्णूचं देऊळ होतं, त्यात ती निघाली होती. मला आधी समजेचना. बुद्धाला कमळ वाहून झालं आणि आता विष्णू?

"मुलाची परीक्षा आहे, अक्का," ती म्हणाली. "निर्वाण बुद्धाकडे मागायचं. परीक्षा त्याच्या खात्यात येत नाही."

"आमच्याकडे असं चालत नाही," मी म्हटलं. जरा कडकच म्हटलं. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक उचलून मुठेत सोडले होते. सासूबाई महिनाभर भेदरलेल्या होत्या, आता काहीतरी होणार म्हणून. काही झालं नाही. मुलं शिकली. आम्ही ज्या दारातून बाहेर पडलो त्याच दारात या बौद्ध बाईला शिरताना मला बघवेना. मी बाहेर झाडाखाली उभी राहिले. श्रीयानी आली आणि तिने मला एक केळं दिलं. ते प्रसादाचं नाही, वेगळं ठेवलेलं आहे, हे तिने आवर्जून सांगितलं. मी खाल्लं.

तिसऱ्या दिवशी पोया होता. पोया म्हणजे पौर्णिमा. दर पौर्णिमेला सगळ्या देशाला सुट्टी, मटण-दारूची दुकानं बंद, आणि लोक पांढरे कपडे घालून पन्सलला (गावच्या विहाराला) जातात. श्रीयानी म्हणाली, "अक्का, आज तुम्ही रांगेत नाही उभं राहायचं. आमच्या गावच्या पन्सलला माझ्याबरोबर चला." मिस्टरही निघाले. सुनीलही आला, त्याला तिथल्या भन्तेंना (भिक्खूंना) भेटायचं होतं.

पायऱ्या चढून गेलो. वर बोधिवृक्ष, त्याच्याभोवती झाडून स्वच्छ केलेली वाळू आणि एका बाजूला उघडा सभामंडप. चटयांवर बायका बसल्या होत्या, पलीकडे पुरुष. मी श्रीयानीच्या शेजारी बसले. कोणी मला वेगळं काढलं नाही. एका आजीबाईंनी सरकून जागा दिली आणि माझ्या साडीच्या काठावरून हात फिरवला. मन शांत होत गेलं. अगदी आपल्या विहारात रविवारी सकाळी बसल्यासारखं वाटलं.

आणि तिथेच घोळ झाला.

भन्ते आले. वृद्ध, सडसडीत, कानात ऐकायचं यंत्र. पांढरं कापड घातलेल्या खुर्चीवर बसले. सगळ्यांनी हात जोडले. भन्ते हातातला ताडपत्राचा पंखा नीट करू लागले. मंडप शांत झाला. सगळे हात जोडून गप्प बसले आहेत आणि वंदनेला कोणी सुरुवात करत नाही, ही शांतता माझ्या अंगवळणी पडलेली आहे. आमच्या जुन्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी ती पडते, आणि ती पडली की सुरुवात मी करायची असते. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नमो तस्स भगवतो." दवाखान्यात वॉर्डच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारलेला आवाज आहे माझा. मंडपाबाहेरचे कावळे उडाले.

मागून कोणी म्हटलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. श्रीयानीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "अक्का, शील हामुदुरुवो (भन्ते) देतात. आपण त्यांच्यामागून म्हणायचं." पुढे बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी मोठ्याने घसा खाकरला. भन्तेंनी पंख्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं, एक तळहात जरासा वर केला आणि स्वतः सुरुवात केली. मी त्यांच्यामागून म्हटलं, पण कान तापले होते आणि वर बघायची हिंमत नव्हती. शब्द तेच होते, एकूण एक तेच. जे शब्द मी परकर-पोलक्यात असताना आईकडून शिकले, तेच शब्द मी चुकीच्या जागी बोलले होते. परदेशी रांगेत उभं केलं तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटलं की त्या रखवालदाराचं बरोबर होतं.

शील देऊन झालं, लोक पाय मोकळे करायला उठले. तेवढ्यात भन्तेंनी श्रीयानीला बोलावून काही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला बोलावलंय."

मी पुढे जाऊन वंदन केलं आणि चटईवर बसले. मिस्टर माझ्या मागे येऊन बसले. एरवी अशा वेळी ते चपला शोधायला जातात. भन्ते इंग्रजीत हळूहळू बोलत होते.

"इंडिया?"

"हो, भन्ते. पुणे."

"तिथे विहारात शील कोण देतं?"

"आम्हीच एकमेकांना देतो. रविवारी मी सांगते, बाकीचे म्हणतात."

"भिक्खू नाहीत?"

"आहेत, पण थोडे. पावसाळ्यात वर्षावासाला येतात, मोठ्या कार्यक्रमाला येतात. रोजचं सगळं आम्ही करतो. बारसं, घरभरणी, कोणी वारलं तर तो विधी. लग्नंही लावतो."

"लग्न?" भन्तेंनी कानातलं यंत्र चाचपलं. नंतर कळलं की तिकडे भिक्खू लग्न लावत नाहीत. "लग्न तुम्ही लावता?"

"आतापर्यंत पुष्कळ लावली."

त्यांनी यंत्र पुन्हा कानात नीट बसवलं. मग विचारलं, "याची परवानगी तुम्हाला कोणी दिली?"

प्रश्न रागाचा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण त्या प्रश्नाने माझ्या मनातली शरम कुठल्या कुठे गेली. मला आमची वस्ती दिसली, पत्र्याच्या खोलीतला पहिला विहार दिसला, दिवसभर झाडलोट करून, हमाली करून आलेली माणसं कंदिलाखाली एकेक पाली शब्द घोकताना दिसली. अर्थ समजायला त्यांना किती वर्षं लागली असतील. मी मान वर केली.

"विचारायला कोणी नव्हतंच, भन्ते," मी म्हटलं. "शिकवायलाही कोणी नव्हतं. आमच्यापैकी ज्याला वाचता येत होतं त्याने वाचून दाखवलं, बाकीच्यांनी पाठ केलं. कोणीतरी येऊन सुरुवात करेल म्हणून थांबलो असतो तर अजून थांबलेलेच असतो."

श्रीयानी हे सिंहलीत सांगत होती. आजूबाजूच्या बायका जवळ आल्या होत्या. तिचं सांगून झालं तरी कोणी उठलं नाही. भन्तेंनी पंखा बाजूला ठेवला.

"मघाशी तुम्ही पहिल्या ओळीवर थांबलात," ते म्हणाले. "पुढचं म्हणा. तुमच्याकडे म्हणता तसं."

मी म्हटलं. त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. त्यांची चाल लांबवलेली, ओढ घेणारी. आमची ठसक्यातली, चारचौघांनी एका दमात म्हणायची, कारण आमच्याकडे लोक कामावरून आलेले असतात आणि पोरं मांडीवर असतात. पहिल्या शीलापर्यंत मी एकटी होते. मग मागून एक घोगरा आवाज लागला. मिस्टरांचा. हा माणूस विहारात येतो तो फक्त मांडव घालायला. त्याला सगळं पाठ आहे हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. मग जागा देणाऱ्या आजीबाईंनी सूर धरला, मग श्रीयानीने, मग बऱ्याच जणींनी. घसा खाकरणारे गृहस्थ मात्र उठून गेले. जाईनात का. माझा ऊर भरून आला होता आणि मी तो आवरला नाही. मला माझा अभिमान वाटला, माझ्या आईचा वाटला, त्या कंदिलाचा वाटला.

निघताना भन्तेंनी मिस्टरांच्या मनगटावर पांढरा दोरा बांधला. भिक्खूंनी बाईला स्पर्श करायचा नसतो, म्हणून माझा दोरा त्यांनी मिस्टरांच्या हातात दिला आणि तो मिस्टरांनी बांधला. गाठ नेहमीप्रमाणे सैल.

 गाडी उताराला लागल्यावर सुनील म्हणाला, "मॅडम, उद्या मी तुम्हाला एक जुना विहार दाखवतो. टूरमध्ये नाहीये. माझ्या आईच्या गावचा आहे." मग आरशातून बघत म्हणाला, "पुण्यात खरंच पुष्कळ आहेत?"

"पुष्कळ," मिस्टर म्हणाले. "पार्किंगला जागा मिळत नाही."

पुढचे दिवस आम्ही समुद्र पाहिला, चहाचे मळे पाहिले, हत्तीही पाहिले, आणि माझ्या हातातलं केळं एका माकडाने पळवलं. त्याचं रसभरीत वर्णन सोसायटीत मिस्टर करतात, ते त्यांच्याकडून ऐकावं. घरी परतल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय मग, रावणाची लंका बघितली का?" मी म्हटलं, "नाही हो, आम्ही आमच्या माणसांना भेटायला गेलो होतो." त्या थोडं थांबल्या आणि "बरं" म्हणाल्या. गंमत म्हणजे तो शब्द ऐकून मला विशेष काही वाटलं नाही. जाताना मी त्याची भुकेली होते. दुसऱ्यांनी "बरं" म्हणावं म्हणून आम्ही बौद्ध झालो नव्हतो, हे मला पन्सलच्या चटईवर बसून उमगलं. एवढ्या लांब जावं लागलं त्यासाठी, पण हरकत नाही, चटणी चांगली होती.

पुढची पौर्णिमा झाली आणि संध्याकाळी श्रीयानीचा निरोप आला, बोललेला. मी आणि मिस्टर बाल्कनीत चहा घेत होतो. तिचा आवाज जरा धापा टाकल्यासारखा होता.

"अक्का, आज हामुदुरुवो आलेच नाहीत. दुसऱ्या गावाला गेले होते, रस्त्यात दरड पडली. आम्ही सगळे हात जोडून बसलेलो. कोणी म्हणालं घरी जाऊ, पुढच्या पोयाला बघू. मग मी सुरुवात केली. तो आवाज पाठवते, ऐका."

पाठोपाठ तिचं रेकॉर्डिंग आलं. आधी नुसती शांतता, कोणाचं तरी खोकणं, कावळे. मग श्रीयानीचा कापरा आवाज, एकटीचा. पहिली ओळ संपली. मी कप खाली ठेवला. मग मागून सगळे आले, बायका, पुरुष, पोरं, सगळा मंडप.

मिस्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "चाल आपली आहे."